लोअर परळचा रविवार

ऑफिस लोअर परळला आहे म्हटलं की समोरचा हमखास दोनच प्रश्न विचारतो. स्टेशनवर चेंगरायला होतं का, आणि तिथे कॉफी एवढी महाग का? दोन्हीचं उत्तर एकच: गर्दी इथे पहिल्यापासूनच आहे, फक्त ती आता डबा सोडून सँडविच खाते!

माझं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या कंपाउंडमध्ये आहे. काचेची बिल्डिंग, गुळगुळीत लॉबी, आणि मागच्या कोपऱ्यात एकटी उभी चिमणी. रोज दिसते, पण बघत कोण? एका शुक्रवारी सर्व्हर बंद पडला, चारलाच सुटलो आणि ठरवलं, आज चालत लालबाग गाठायचं.

सुरुवात ना. म. जोशी मार्गावरून. जुनी माणसं अजून डिलाइल रोडच म्हणतात. आपल्यापैकी कित्येकांच्या व्हिजिटिंग कार्डावर हे नाव असतं, पण हे जोशी म्हणजे कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी. 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढणारे, 1920 साली 'आयटक' ही कामगार संघटना उभी करणाऱ्यांपैकी एक. म्हणजे कॉर्पोरेट पत्त्यात चक्क युनियनवाला!

करी रोडच्या अलीकडे टपरीवर चहा घेताना एका काकांशी गप्पा झाल्या. 1982 पर्यंत ते गिरणीत साचे खात्यात होते.

"काका, कामाची वेळ कशी असायची?"

"भोंगा सांगायचा. वाजला की पाळी सुरू, परत वाजला की सुटलो. तुमचा भोंगा कुठाय?"

मी मोबाइल दाखवला.

"हा तर थांबतच नाही की रे!"

हसलो खरा, पण चहा जरा कडू लागला. कारण आमच्याकडे भिंतीवर 'वर्क-लाइफ बॅलन्स'चं पोस्टर आहे आणि शनिवारी रात्री अकराला ग्रुपवर मेसेज येतो, 'टीम, उद्या एक छोटासा कॉल.' हा छोटासा कॉल दीड तास चालतो. जो हजर तो 'कमिटेड', जो नाही त्याचं अप्रेझलला बघू.

गिरणीचे दिवस सोन्याचे होते असं काका अजिबात म्हणाले नाहीत. नाकातोंडात कापसाची धूळ, जॉबरची मर्जी, आणि आज काम मिळेल या आशेवर सकाळी गेटवर उभे बदली कामगार. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत.

पण याच गिरण्यांनी आपल्याला एक गोष्ट दिली आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. त्यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तेव्हा आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. त्यांच्या मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी आणि दुपारी जेवायला अर्धा तास. सभा झाल्या, हजारो सह्यांचे अर्ज गेले, आणि 10 जून 1890 ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

सहा वर्षं लागली! तो रविवार आपण एका 'ओके बॉस'मध्ये देऊन टाकतो.

कामाला माझी ना नाही. लाँच असेल, खरंच आग लागली असेल, तर रविवार काय, रात्रही देऊ. पण सोमवारी होऊ शकणारं काम रविवारी करणं ही निष्ठा नव्हे, ती नुसती सवय आहे. बॉसची आणि आपलीही. त्या फेरफटक्यानंतरच्या शनिवारी मेसेज आला तेव्हा मी एवढंच लिहिलं, 'सोमवारी साडेनऊला चालेल का?' पाच मिनिटं शांतता. मग टीममधल्या दोघींनी लिहिलं, 'आम्हालाही सोमवारच बरा.' कॉल सोमवारी झाला. क्लायंट पळाला नाही. माझ्या अप्रेझलचं काय होतंय ते मार्चमध्ये कळेल, पण रविवार मात्र पदरात पडला.

तुम्हीही एकदा चालून बघा. करी रोडचा पूल ओलांडून लालबागला पोचलात की मसाल्याचा खमंग वास येईल, चिवडा गल्लीतून पावशेर चिवडा घ्या. आणि उद्यापासून डबा कीबोर्डवर उघडू नका. जेवणाचा तो अर्धा तासही कुणीतरी मागून घेतलेला आहे.