यवतचा काळा दगड आणि समुद्रकाठचा द्वींद्रिय

पुणे-सोलापूर महामार्गाने जाणाऱ्या बहुतेकांच्या लेखी यवत म्हणजे चहाचा थांबा, उसाने भरलेल्या गाड्या आणि गुऱ्हाळांचा गोड वास. गावाच्या दक्षिणेकडील भुलेश्वरच्या डोंगराकडे मान वर करून पाहणारे थोडेच. त्या डोंगरावरील यादवकालीन शिवमंदिर काळ्या बेसाल्ट दगडात घडविलेले आहे, आणि डोंगरही त्याच दगडाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून हा खडक झाला. या लाव्हाची व्याप्ती सह्याद्रीपाशी संपत नाही. घाट उतरून ती कोकणात जाते आणि श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरला थेट समुद्रात पाय सोडून बसते.

यवतच्या माळावर या दगडावर शेळ्या-मेंढ्या चरतात. हरिहरेश्वरच्या दगडावरही चरणारे आहेत. मात्र त्यांना चार पाय नाहीत, शिंगे नाहीत, आणि ते चरत आहेत हे तासभर शेजारी बसूनही सहसा लक्षात येत नाही.

यवतहून पुणे, तेथून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळे असा हा प्रवास आहे. निघण्यापूर्वी पंचांग अवश्य पाहावे, कारण येथे मुहूर्तापेक्षा तिथी महत्त्वाची. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर जुना ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल त्या तासाच्या सुमारास पूर्ण भरती असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. चतुर्दशीला भरती साडेदहाला, ओहोटी दुपारी साडेचारला. अष्टमीची भांगाची ओहोटी उथळ असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्याने पाणी खूप दूर जाते आणि खडक अधिक उघडा पडतो. आपल्या घरांतून आठम-चौदस पाळली जातेच, तेव्हा हे गणित आपल्याला इतरांपेक्षा सोपे जावे. एक अडचण मात्र सांगून ठेवतो. हिवाळ्यात चतुर्दशीची ओहोटी पाहून वर येईपर्यंत सूर्य मावळतीला टेकलेला असतो. ज्यांना चौविहार आहे त्यांनी खाकरे-दशम्या गाडीत ठेवाव्यात आणि खाली उतरण्याआधीच आटोपून घ्यावे.

मंदिराच्या मागून प्रदक्षिणेची वाट दोन कड्यांमधील पायऱ्यांनी खाली उतरते. ही वाट ओहोटीलाच चालावी; भरतीच्या वेळी ती धोक्याची आहे. खाली लाटांनी कापून सपाट केलेला विस्तीर्ण खडक पसरलेला आहे आणि कड्याच्या अंगावर खाऱ्या वाऱ्या-पाण्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे कोरली आहेत. भाविक ही नक्षी पाहत पुढे जातात. त्यांच्या पायाशी, भेगांत आणि ओलसर उतारांवर, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या, बसक्या टोपीसारख्या शिंपल्या खडकाला घट्ट चिकटलेल्या असतात. टोकापासून काठापर्यंत बारीक रेघा. इंग्रजीत यांना लिंपेट म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर सर्रास आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव सेलाना रेडिएटा. कालवे दोन शिंपल्यांची असतात. याची शिंपली एकच, आणि खालची बाजू खडकाने झाकलेली.

शिंपलीखाली रुंद, मांसल पाय असतो आणि पुढे डोके. खडक ओला असला, पाणी चढत-उतरत असले, की हा प्राणी शिंपली किंचित उचलून अत्यंत सावकाश सरकू लागतो आणि डोके डावी-उजवीकडे हलवीत खडक खरवडतो. खडक आपल्याला उघडा दिसतो, पण त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाचा, डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पतींचा आणि जिवाणूंचा पातळ थर सतत वाढत असतो. नुकतीच रुजलेली मोठ्या शेवाळाची कोंबेही त्यात असतात. हेच त्याचे कुरण.

खरवडण्याचे हत्यार म्हणजे जीभ. फितीसारख्या लांब जिभेवर सूक्ष्म दातांच्या ओळी असतात. पुढच्या झिजल्या की मागून नव्या ओळी पुढे येतात. ब्रिटनच्या थंड किनाऱ्यावरील लिंपेटच्या दातांची इंग्लंडमधील पोर्टस्मथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ताणून परीक्षा केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तोवर मोजलेल्या कोणत्याही जैविक पदार्थापेक्षा, अगदी कोळ्याच्या धाग्यापेक्षाही, हे दात ताणाला अधिक टिकणारे निघाले. त्याचे कारण त्यांत विणलेले गोएथाइट या लोहखनिजाचे तंतू. हे खनिज आपल्याला परके नाही. कोकणातील घरे ज्या तांबूस जांभ्या दगडाची, त्या जांभ्यातही गोएथाइट असते. माणसाने जांभ्याच्या चिऱ्यांनी घर बांधले, या जिवाने त्याच खनिजाचे दात केले.

घराचा विषय निघालाच आहे. लिंपेटच्या अनेक जातींमध्ये प्रत्येक प्राण्याची खडकावर ठरलेली जागा असते. चरून झाले की तो आपल्याच चिकट स्रावाच्या मागावरून तेथे परततो. खडक कठीण असेल तर शिंपलीचा काठ त्या जागेच्या उंचसखलपणाबरहुकूम वाढतो, खडक मऊ असेल तर खडकच झिजून काठाला जुळतो. हा जीव खाण्यासाठी जागा सोडतो, हे ॲरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवले आहे. जागेवर काठ बरोबर बसला की आतील ओलावा उन्हात टिकतो. दुसऱ्या ठिकाणी तो तसा बसत नाही.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला यातील एका गोष्टीचे विशेष वाटले. कॅलिफोर्नियाच्या थंड किनाऱ्यावरील मोठा लिंपेट सुमारे हजार चौरस सेंटिमीटरचा तुकडा आपला म्हणून राखतो, त्यात शिरणाऱ्या इतरांना ढकलून देतो, आणि शेवाळाचा थर मुळापासून न संपवता त्यावर निर्वाह करतो. अशा घरी परतणाऱ्या जातींच्या स्रावावर सूक्ष्म शेवाळ अधिक जोमाने वाढते, असेही प्रयोगांत दिसले आहे. मुद्दल राखून व्याजावर जगणे, आणि मुद्दलात थोडी भरही घालणे. आपल्या पेढ्यांवरील जुन्या मंडळींना हे समजावून सांगावे लागणार नाही.

हे चरणारे नसतील तर काय होते? आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन बेटावर, दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, संशोधकांनी खडकाच्या एका पट्ट्यावरील सर्व लिंपेट काढून टाकले. उघडा पट्टा आधी हिरव्या शेवाळाने आणि मग मोठ्या तपकिरी समुद्रवनस्पतींनी झाकून गेला. ज्ञान मिळाले हे खरे. पण इतके जीव खरवडून मिळविलेल्या ज्ञानाचे कौतुक करताना माझी लेखणी अडखळते. पुढे हाच प्रयोग माणसाच्या निष्काळजीपणाने फार मोठ्या प्रमाणावर घडला. १८ मार्च १९६७ रोजी टोरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर आदळले. किनाऱ्यावर आलेले तेल घालविण्यासाठी दहा हजार टनांहून अधिक रसायने वापरली गेली. तेलापेक्षा या रसायनांनीच लिंपेट अधिक मारले. किनारे हिरवे झाले, मग तपकिरी झाले. नंतर नवे लिंपेट मोठ्या संख्येने आले, त्यांनी ते सर्व खाल्ले आणि अन्न संपल्यावर त्यांचीच उपासमार झाली. ही आंदोलने थांबून किनारा पूर्ववत होण्यास दहा ते पंधरा वर्षे लागली.

आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, ते अनेकांना आठवत असेल. मात्र थंड देशांची गोष्ट कोकणाला जशीच्या तशी लावता येणार नाही. तेथे खडक बराच काळ ओला व गार राहतो. येथे वैशाखातील काळा बेसाल्ट तव्यासारखा तापतो आणि वरच्या भागातील शेवाळ करपते. आपल्याकडे खडक हिरवा होतो तो पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या थंडीत. तेच चरण्याचे सुगीचे दिवस.

आपल्या शास्त्रांत शंख, कवडी, शिंपले यांना द्वींद्रिय म्हटले आहे: स्पर्श आणि रसना. लिंपेटचे सारे जगणे या दोहोंवर चालते हे पाहून मन थक्क होते. पाय म्हणजे स्पर्श, जीभ म्हणजे रसना. प्राणिशास्त्रज्ञ म्हणतात की त्याच्या डोक्यावर दोन साध्या खळग्यांसारखे डोळेही असतात, ज्यांना उजेड-अंधार कळतो. उजेड कळणे आणि रूप पाहणे यांत अंतर आहे, एवढे म्हणून मी थांबतो; हा निर्णय महाराजसाहेबांनी करावा. मौजेची बाब अशी, की त्याचे अन्न शेवाळ, आणि शेवाळाची गणना आपण अनंतकायात करतो. ज्याला आपण हात लावणार नाही त्यावरच याचा संसार. त्याला दोष कोण देणार? विवेकाची अपेक्षा आपल्याकडून आहे.

माझ्यासोबत आलेल्या नातवाने एका मुलाला मोटारीच्या किल्लीने शिंपली उचकटताना पाहिले आणि विचारले, "आजोबा, तो परत चिकटेल ना?"

"नाही रे," मी म्हणालो. "त्याचा पाय फाटतो. आणि त्याचे घर दुसऱ्या दगडावर नसते."

नातू स्वतःच त्या मुलाकडे गेला. काय बोलला ते वाऱ्यात ऐकू आले नाही, पण किल्ली खिशात गेली.

जाणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. चप्पल रबरी तळाची असावी. हिरव्या भागावर पाऊल ठेवू नये. तेथे घसरण असते आणि चरणाऱ्यांचे अन्नही तेथेच असते. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा, कारण खालच्या ओलाव्यात बरेच जण राहतात. बाजारातील शिंपल्यांच्या वस्तू घेण्यापूर्वी त्या मेलेल्या सापडल्या की काढून मारल्या, हे दुकानदाराला एकदा विचारून पाहावे. आणि पाणी परतू लागले की पायऱ्यांकडे वळावे. लाट खडकावर पोचली, की तिकडे चरणे सुरू होते.