सोलापुरी चादरीवरचे नाव कोणाचे?

१/ हाताने पायमोजे विणणारी व्यक्ती विणता विणता बेत बदलू शकते. टाच थोडी सैल करावी, पानाऐवजी फूल घालावे, घोट्याजवळ नातवाच्या नावाचे पहिले अक्षर गुंफावे. मनासारखे जमले नाही, तर चार ओळी उसवून पुन्हा सुरुवात करावी. सोलापूरच्या जॅकार्ड मागावर ही मुभा नाही. तरीही तेथील कापडावर मोर उमटले, अक्षरे उमटली, माणसांचे चेहरेही उमटले. ते कसे, आणि त्याचे श्रेय कोणाला मिळाले, याचा हा इतिहास.

२/ सोलापूरच्या वस्त्रोद्योगाचे दोन प्रवाह आहेत. एक गिरण्यांचा. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे शहर तिला ‘जुनी मिल’ म्हणू लागले. दुसरा प्रवाह घराघरांतील मागांचा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात तो रुजवला. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि ओसरीवर माग, असे ते जग होते.

३/ साधी वीण यंत्राला शिकवणे तुलनेने सोपे होते. इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी पायमोजे विणण्याचे यंत्र १५८९ मध्येच घडवले होते. नक्षी यंत्राच्या हाती सोपवणे मात्र फार अवघड. कोणत्या ओळीत कोणता धागा वर उचलायचा, हे यंत्राला सांगायचे कसे?

४/ फ्रान्समध्ये बूशाँ, फाल्कन आणि व्होकांसाँ यांनी या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या डोके चालवले. त्यांच्या प्रयत्नांवर उभे राहून जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास आपली यंत्रणा सिद्ध केली. तिचे मर्म होते भोके पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते.

५/ मागाच्या माथ्यावर हे पत्ते माळेसारखे ओवलेले असतात. पत्त्यावर सुयांची रांग येऊन टेकते. भोक असेल तेथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. मधून धोटा धावतो, बाण्याची एक ओळ भरते आणि पुढचा पत्ता समोर येतो.

६/ म्हणजे नक्षीची प्रत्येक ओळ आधीच ठरलेली. १८३९ मध्ये जॅकार्ड यांचेच एक चित्र रेशमात विणले गेले, त्यासाठी सुमारे २४,००० पत्ते लागले होते. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेज यांच्याकडे होती. आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी त्यांनी पत्त्यांचीच कल्पना स्वीकारली.

७/ मग सोलापूरच्या चादरीत एखादी पाकळी बदलायची असेल, तर? माग थांबवून ते साधत नाही. चौकटीच्या कागदापाशी परत जावे लागते. त्या कागदावरचा उभा रकाना म्हणजे ताण्याचा धागा आणि आडवी रांग म्हणजे बाण्याची फेर. पाकळी ज्या ज्या रांगांत येते, त्या प्रत्येक रांगेचा पत्ता नव्याने पाडावा लागतो आणि माळेत त्याच जागी ओवावा लागतो. एक पत्ता मागेपुढे झाला, तर फूल मधोमध तुटते.

८/ अक्षरांचे कोडे आणखी बिकट. समोरासमोर उभे असलेले दोन मोर विणताना हुकांची काटकसर करता येते, कारण उजवा अर्धा भाग डाव्याचे प्रतिबिंब असतो. अक्षरांना ही काटकसर चालत नाही. दुसरा अर्धा भाग उलटा वाचावा लागेल. म्हणून नाव घालायचे, तर ताण्याच्या दोऱ्यांची बांधणीच वेगळी हवी.

९/ पारंपरिक सोलापुरी चादर हे दुपदरी कापड आहे. दोन रंगांचे दोन पदर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या रेषेवर आपसांत जागा बदलतात. म्हणून पुढे लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर मागे पांढऱ्या जमिनीवर लाल मोर दिसतो. मोर दोन्हीकडून शोभतो. अक्षरे मात्र एकाच बाजूने सुलट वाचता येतात. चादरीची ‘सुलट’ बाजू ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

१०/ पैठणीच्या हातमागाची रीत निराळी. तेथे नक्षीच्या प्रत्येक रंगाची कांडी विणकराच्या बोटांत असते, म्हणून निर्णयही बोटांतच राहतो. जॅकार्डने हा निर्णय मागावरून उचलून चौकटीच्या कागदावर नेला. सर्जन संपले नाही. ते विणकराकडून नक्षीकाराकडे सरकले. आणि नक्षीकार बाजाराला कधी दिसलाच नाही.

११/ चादरीवर कारखान्याचे नाव येते. भेटीसाठी खास विणवून घेतली, तर घेणाऱ्याचे नाव येते. भिंतीवर टांगायच्या विणीव चित्रांत नेत्यांचे चेहरे येतात. मोराची मान थोडी कलती करणाऱ्याचे, चेहऱ्यावरची छाया मोजक्या धाग्यांत पकडणाऱ्याचे नाव मात्र कोठेच येत नाही.

१२/ भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ चा. तो २००३ मध्ये अमलात आला. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांची त्याखाली नोंद झाली. महाराष्ट्रातील सर्वांत आधीच्या नोंदींत त्या मोडतात. इतरत्र विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून खपवला जात असताना हे संरक्षण आवश्यकच होते. पण हा कायदा गावाचे नाव राखतो. एखाद्या नक्षीचा कर्ता कोण, हे नोंदवणे त्याचे काम नव्हे.

१३/ संगणकीय जॅकार्डवर पत्त्यांची गरज उरत नाही; बदल पडद्यावर होतो आणि थेट मागाकडे जातो. काम हलके झाले, यात वाद नाही. परंतु जुन्या माळा रद्दीत गेल्या, तर कोणत्या जागी पाकळी बदलली, कोठे दुरुस्तीची चिकटपट्टी लावली, याचा पुरावाही त्यांच्याबरोबर जाईल. त्या माळा म्हणजे नावाविना राहिलेल्या माणसांचे हस्ताक्षर आहे.

१४/ घरात जुनी सोलापुरी चादर असेल, तर ती उलगडून दोन्ही बाजूंनी पाहावी, काठावरचे नाव वाचावे, कोणत्या वर्षी व कोणत्या निमित्ताने आली ते वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवावे. सोलापुरात कोणी नातलग मागावर किंवा नक्षीच्या कागदावर राबले असतील, तर त्यांचे नाव त्या टिपणात सर्वांत आधी लिहावे. चादरीने ते लिहिलेले नाही.