मीरा रोडला घर शोधताना

देऊळघाट हे बुलढाण्याजवळचं, पैनगंगेकाठचं गाव. आमच्याकडे घर भाड्याने घेणं हा प्रकार तसा कमीच. बाहेरून बदलून आलेले मास्तर, ग्रामसेवक, बँकेतला कारकून एवढेच भाडेकरू. अब्बांनी घराच्या पुढच्या दोन खोल्या बरीच वर्षं अशाच दिल्या होत्या. त्यात एक ब्राह्मण गुरुजी कुटुंबासह राहून गेले. ते शाकाहारी, आम्ही मांस खाणारे. ईदला अम्मी त्यांच्यासाठी नव्या पातेल्यात दूध-शेवया करायची. करार नव्हता, डिपॉझिट नव्हतं. गुरुजींची बदली झाली तेव्हा अब्बा त्यांना बुलढाण्याच्या स्टँडवर सोडायला गेले होते. मला भाडेकरू हा शब्द त्या घरातून कळला होता.

२०२२ साली बोरिवलीत हिशेबनिसाची नोकरी लागली आणि आम्ही नवरा-बायको, एक मुलगी असे मलकापूरहून रेल्वेने मुंबईला आलो. बोरिवलीतली भाडी ऐकून पुढे सरकत गेलो, दहिसर ओलांडलं आणि मीरा रोडला थांबलो. मुंबई महापालिकेची हद्द दहिसरला संपते. त्यापलीकडे मीरा-भाईंदर. एका बाजूला समुद्र, वर वसईची खाडी, मधे मिठागरं आणि त्यांच्या कडेने उभ्या राहिलेल्या इमारती. कागदावर हा ठाणे जिल्हा. पण इथली माणसं सकाळी चर्चगेटच्या लोकलमध्ये चढतात आणि रात्री झोपायला परत येतात.

घर शोधायला तीन आठवडे लागले. या काळात मला कुणीही उद्धट बोललं नाही, हे आधी सांगतो. दलाल फोनवर छान बोलायचे. बजेट किती, फॅमिली की बॅचलर, कोणत्या मजल्यावर हवं, सगळं विचारायचे. मग, ‘सर, नाव काय लिहू?’ नाव सांगितलं की दोन सेकंद शांतता. मग, ‘सर, ओनरला विचारून सांगतो.’ पुढे फोन यायचा नाही. एकाने मात्र सरळ सांगितलं, ‘भाई, तुम्ही नया नगरला बघा ना. तिकडे लगेच मिळेल. उगाच तुमचापण टाइम जातो, माझापण.’ त्याचा मला राग आला नाही. तो एकटाच माझा वेळ वाचवत होता.

एक फोन मात्र अजून लक्षात आहे. घरमालक निवृत्त शिक्षक, मराठी. माझं बोलणं ऐकून त्यांना बरं वाटलं. ‘कुठले तुम्ही?’ ‘बुलढाण्याचा, सर.’ ‘अरे वा! आम्ही दरवर्षी शेगावला येतो की!’ मग दहा मिनिटं शेगाव, लोणार, राजूर घाट यावर गप्पा झाल्या. इकडे मराठी माणूसच मिळत नाही हो, असंही म्हणाले. शेवटी नाव विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, ‘माझी काही हरकत नाही. पण सोसायटीची कमिटी जरा... तुम्ही समजून घ्याल.’ मी ‘हो सर’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ते खोटं बोलत होते असंही नाही. कमिटी खरंच तशी असेल. कमिटीला विचाराल तर ती म्हणेल, आमची हरकत नाही, पण मेंबर ऐकत नाहीत. मेंबर शेजाऱ्याकडे बोट दाखवतील. हा नकार नेमका कुणाचा, हे कधीच सापडत नाही आणि तो कुठे लिहिलेलाही नसतो. तक्रार करायची तर कशावर बोट ठेवायचं?

हा माझ्या एकट्याचा अनुभव असता तर मी लिहायला बसलो नसतो. अमरावती जिल्ह्यातले, म्हणजे आपल्या वऱ्हाडातलेच, अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत याची पाहणी केली होती. ती २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये आली. एकाच प्रकारच्या घरासाठी सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी फोन केले. सवर्ण नावाला नकार जवळजवळ मिळालाच नाही. दलित नावांना मिळाला. मुस्लिम नावांपैकी सुमारे एक तृतीयांशांना फोनवरच नाही म्हटलं गेलं.

आणि त्याआधीचं उदाहरण तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत असायला हवं. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून एका पारशी मुक्कामखान्यात राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हुसकावलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र होता. दोघांनीही नाही म्हटलं नाही. एकाने नोकर सोडून जातील अशी अडचण सांगितली, दुसऱ्याने बायकोला विचारावं लागेल म्हटलं. शंभर वर्षांनी मला ‘कमिटी’ मिळाली, एवढाच फरक.

कायद्याचीही मदत फार नाही. राज्यघटनेचं १५ वं कलम दुकान, हॉटेल, पाणवठा यांचं नाव घेतं, खासगी घरमालकाचं घेत नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सदस्यत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला.

शेवटी घर नया नगरलाच मिळालं. एका दिवसात. सय्यद नजर हुसेन यांनी ही वस्ती उभी करायला घेतली ती दंगलींच्या बरीच आधी. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे झालं, ज्यात श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं गेली, त्यानंतर कितीतरी मुस्लिम कुटुंबं शहरातली जुनी घरं सोडून मुंब्र्याला आणि इकडे आली. माझे घरमालक त्यातलेच. दंगलीनंतर मिळेल त्या भावाला लालबागजवळची खोली विकली, असं त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही. ऑफिसात लोक विचारतात, ‘तुम्ही लोक सगळे एकत्रच का राहता?’ मी त्यांना या तीन आठवड्यांतले फोन मोजून सांगतो.

सोळा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट, एक महिन्याची दलाली. अकरा महिन्यांचा करार. एजंट घरी येऊन लॅपटॉप उघडतो, अंगठे घेतो आणि पंधरा मिनिटांत नोंदणी होते. अकरा महिने का, तर केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सहसा नोंदणी लागत नाही, तिथून ही सवय आली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. गावाकडून येणाऱ्या पोरांनी हे पाठ करून यावं.

अम्मी रोज फोनवर विचारायची, ‘घर जमा क्या बेटा?’ जमायला वेळ लागला. इथल्या हवेत मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतो, खिडकीचे गज गंजतात. पाणी ठरल्या वेळी येतं, ती वेळ चुकली की दिवस बिघडला. विरार लोकलमध्ये मीरा रोडला कुणी चढू देत नाही आणि उतरूही देत नाही, म्हणून भाईंदर लोकलची वाट बघायची. नया नगरात उत्तर प्रदेशाकडचे शेजारी आमच्या वऱ्हाडी उर्दूला हसतात. ‘मेरेकू’, ‘तेरेकू’ ऐकलं की विचारतात, ‘हैदराबाद के हो?’ मशिदीतून बाहेर पडताना कोकणातले चाचा मात्र माझ्याशी मराठीत बोलतात. त्यांनाही कुणीतरी मिळाल्याचा आनंद.

उत्तनहून मासे घेऊन एक मावशी येतात, कोळी ख्रिस्ती, गळ्यात क्रॉस. आम्हा पैनगंगेच्या माणसांना बोंबील कसा साफ करायचा हेही माहीत नव्हतं, ते त्यांनीच बायकोला शिकवलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘गो बाय, तुम्ही मराठी कशा काय बोलता?’ बायको म्हणाली, ‘मावशी, तुम्ही कशा बोलता?’ दोघी हसत सुटल्या.

जून २०२५ च्या अखेरीस इथे एका दुकानदाराला मराठी न बोलण्यावरून मारहाण झाली. व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, मग ८ जुलैला मराठीच्या बाजूने मोठा मोर्चा निघाला. मारहाण मला पटली नाही. पण मराठी माणसाला त्याच्याच राज्यात उपरं वाटतं, हे दुःख मला कळतं. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना कार्यालयासाठी जागा नाकारली गेली तेव्हा सगळा महाराष्ट्र संतापला, मीही संतापलो. तेव्हा मला ते शेगावला जाणारे गुरुजी आठवले. त्यांना मराठी भाडेकरू हवा होता आणि तो फोनवर दहा मिनिटं त्यांच्याशी बोलत होता.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींचे मुंबईत, पुण्यात, संभाजीनगरात फ्लॅट असतील. तुमच्याकडे भाडेकरू आला तर त्याची पगाराची पावती बघा, आधीच्या घरमालकाला फोन करा, पोलिस व्हेरिफिकेशन करा, करार नोंदवा. आमची त्याला काहीच हरकत नाही. आणि कमिटीने काही म्हटलंच तर कुठल्या नियमाखाली म्हणता ते लेखी द्या, एवढं मागा. तोंडी चालणारी ही गोष्ट कागदावर आणायला फार थोडे लोक तयार होतील.