मागची फळी

आमच्या पिंपरी पेंढारला समुद्र नाही. कल्याणहून माळशेज घाट चढून येणारा रस्ता ओतूर सोडून आमच्या गावावरून आळेफाट्याकडे जातो. त्या रस्त्याने मासळीचे टेम्पो वर येतात. समुद्र बिचारा घाटाखालीच राहतो. त्यामुळे आमच्या भाषेत बैलगाडीचे शंभर शब्द आहेत आणि होडीचे जेमतेम चार.

पण समुद्र आला नाही तरी पाणी आले. १९७७ साली येडगावला कुकडी अडवली आणि ओझरच्या विघ्नहराच्या शेजारी नजर पोचेल तिथवर पाणी पसरले. तिकडे डिंभे धरणात तर, ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते आंबेगावच बुडाले. डोंगरउतारावर भात आणि नाचणी पिकवणारे आदिवासी आपल्याच शेतांवरच्या पाण्यात जाळी टाकायला शिकले. त्यांच्यासाठी झटणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. धंदा असा उभा राहिला. पण धंद्यापाठोपाठ त्याची मोडतोडही येते, आणि ती दुरुस्त करणारा माणूस मात्र आपोआप उगवत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी येडगावच्या पाण्यात जाळी टाकतो. रोहू, कटला, मृगळ जे लागेल ते आळेफाट्याला नेतो. कुठल्याशा सहलीच्या ठिकाणी वापरून टाकलेली अ‍ॅल्युमिनियमची होडी त्याने कर्ज काढून घेतली. होडी दिसायला देखणी. नुकत्याच घासलेल्या पातेल्यासारखी. एका पहाटे भर पाण्यात तिची मोटार एकाएकी मागे कलली. पुढच्या बाजूला त्याचा अकरा वर्षांचा मुलगा बसला होता. बापाने मोटार बंद केली, एका हाताने ती धरून ठेवली, आणि पोराने वल्हे मारत होडी काठाला आणली. दुसऱ्या दिवशी ही हकीकत त्या पोराने मला वर्गात मोठ्या ऐटीत सांगितली. त्याला गंमत वाटत होती. माझ्या हातातला खडू मात्र फळ्यावर चालेना.

वाचकहो, अशा होडीची मागची बाजू सपाट असते. तिथे पत्र्याच्या आत एक जाड लाकडी फळी असते आणि सगळी मोटार तिलाच शिकंज्याने आवळलेली असते. लहान मोटारसुद्धा ३५-४० किलोंची असू शकते. शिवाय होडीला पुढे रेटण्याचा सारा जोर त्या फळीवरच येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने बांधणारे ग्रमनसारखे अमेरिकन कारखाने अ‍ॅल्युमिनियमच्या होड्यांकडे वळले. पण आकाशात धातू उडवणाऱ्यांच्या देशातही होडीच्या पाठीत लाकूड राहिलेच. लाकूड शिकंज्याला पकड देते आणि मोटारीची थरथर पोटात घेते. आता तीच फळी कुजली होती.

आळेफाट्याच्या एका कारागिराने तासाभरात काम करून देतो म्हणून सांगितले. आतबाहेर दोन लोखंडी पट्ट्या, चार बोल्ट, संपले! हंगाम बंद, हातात पैसा नाही. माझा विद्यार्थी तयारही झाला. मी म्हटले, “अरे, एकदा नानांना दाखवू.”

नाना आमच्या गावचे सुतार. उभा जन्म बैलगाड्या घडवण्यात गेला. रबरी चाके आली, मग ट्रॅक्टर आले, आणि नानांची वाकस, पटाशी, रंधे एका पोत्यात गेले. मुलगा चाकणच्या कारखान्यात. तो दर सणाला म्हणे, “ते पोतं भंगारात देऊन टाका.” नाना ऐकून न ऐकल्यासारखे करीत.

श्रावणात ट्रॉलीवरून होडी नानांच्या अंगणात आली. नानांनी बोटाच्या पेराने पत्रा वरपासून खालपर्यंत ठोकला आणि कान लावला. “गुरुजी, ह्ये लाकूड न्हाई. ह्यो चहाचा चोथा हाय.” लोखंडी पट्ट्यांचे ऐकून ते हसले. “चोथ्याला कितीबी आवळा, त्यो दबणारच. आन् पट्टी लावली की आतलं दिसायचं बंद. बरं वाटंल, पर पोराला घिऊन जाशील त्या दिवशी काय?”

माझा विद्यार्थी खाली बघत राहिला. मग म्हणाला, “नाना, पैसे दिवाळीनंतर.”

“मी मागितलं का?”

मोटार उतरवली. रिबिटे छिद्रक फिरवून काढली. वरची पट्टी निघाली आणि अळंब्यांचा वास अंगणभर पसरला. आतला काळा भुगा पटाशीने खरवडून पाटीत भरला. तळाशी नानांना डांबराचा एक गोळा सापडला. आधीच्या मालकाने गळती थांबवण्यासाठी तळाचे भोकच बुजवले होते. वरून खिळ्यांच्या भोकांतून पाणी शिरत राहिले आणि खालून जायला वाट उरली नाही.

नाना उकिडवे बसून म्हणाले, “जांभळाचं लाकूड हिरीत घालत्यात. कायम पाण्यात बुडालेलं, ते न्हाई कुजत. माळ्यावरचं कोरडं लाकूडबी न्हाई कुजत. कुजतं ते अर्धं ओलं, कोंडलेलं.”

मी कादंबऱ्या लिहितो. पण माणसांविषयी इतके थोडक्यात मला कधी लिहिता आले नाही. ज्या घरात दुःख उघड रडले जाते ते घर टिकते. ज्या घरात ते कधी शिरलेच नाही तेही टिकते. बाहेरून लखलखीत आणि आत थोडी ओल कोंडलेली, अशा घरांची काळजी करावी.

गंमत अशी की, या कामात नानांना आपली जुनी विद्या उलटी करावी लागली. उन्हाळ्यात गाडीचे चाक आटून धाव सैल झाली की गाडी नदीत घालायची. लाकूड फुगले की धाव आपोआप घट्ट. तिथे पाणी सुताराचा सोबती. इथे तेच पाणी वैरी. सत्तरीच्या नानांनी हे दोन दिवस मनात घोळवले आणि मग मला म्हणाले, “त्या डब्यावरचं इंग्रजी वाचून दावा.”

जुनी फळी नमुन्यालाही उरली नव्हती. शाळेतल्या फाटक्या तक्त्याचा पुठ्ठा मी आणून दिला. त्यावरच्या नकाशात कोकण कापले गेले, पण साचा बेतशीर बसला. पाण्याला टिकणाऱ्या, भारतीय मानक ७१० च्या प्लायवूडचे १९ मिलिमीटरचे दोन तक्ते घेतले, आठ दिवस माळ्यावर सुकवले आणि राळेसारख्या चिकट रसायनाने एकमेकांना जोडले. कडांना त्याचेच तीन हात दिले, कारण लाकूड पाणी पिते ते कडेने. बोल्टांची भोके मुद्दाम मोठी पाडली, त्या रसायनाने भरली आणि वाळल्यावर त्यांतून पुन्हा लहान भोके पाडली. म्हणजे बोल्टाचा लाकडाला स्पर्शच नको. बोल्ट गंज न धरणाऱ्या पोलादाचे. तांब्याचे औषध पाजलेले लाकूड मात्र कटाक्षाने टाळले, कारण ओलाव्यात तांबे अ‍ॅल्युमिनियमला खाते. संध्याकाळी उसात बिबट्या फिरतो, म्हणून काम उजेडीच आटोपायचे. त्याला पंधरवडा लागला.

शेवटी नानांनी तळाचे ते बुजलेले भोक मोकळे केले. माझा विद्यार्थी घाबरला, “नाना, यातनं पाणी येईल!”

“येऊ दे. आलेलं जाईल बी. काठाला लावलीस की नाक वर करून ठेव, म्हंजी सारं निथळंल.”

होडी पाण्यात गेली त्या दिवशी बापाने पोराला पुढे बसवले आणि नानांकडे पाहिले. नानांनी धोतर खोचले आणि जन्मात पहिल्यांदा होडीत पाय टाकला. ते पुढे बसले नाहीत. मागच्या फळीवर तळहात ठेवून बसले. मोटार सुरू झाली, होडी पाणी कापत निघाली, तरी हात तसाच. धरणाच्या मध्यावर जाऊन परत येईतो त्यांनी तो काढला नाही.

पुढे खंडेनवमीला मी त्यांच्याकडे पेढे घेऊन गेलो. पाटावर वाकस, पटाशी, रंधे तेल लावून मांडले होते. पोते धुऊन दोरीवर वाळत होते. हत्यारांच्या शेजारी, हळदकुंकू लावलेला, कोकण नसलेल्या महाराष्ट्राचा तो पुठ्ठा होता. चाकणहून आलेला मुलगा त्याच्यावर फुले वाहत होता.