मागच्या चाकांचा हक

प्रवासाची दुआ पढल्याशिवाय मी कधी गाडी सुरू केली नाही. पिकअपचे मागचे ब्रेक ड्रम मात्र दीड वर्षात एकदाही उघडून पाहिले नव्हते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मला गेल्या मे महिन्यात आंबा घाट उतरल्यावर कळले.

आमचा धंदा हंगामी. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या कोल्हापूरला न्यायच्या, परतताना गूळ-कांदा भरायचा. ब्रेक दाबला की गाडी किंचित उजवीकडे ओढते, पेडलही पूर्वीपेक्षा खाली जाते, हे आठवडाभर जाणवत होते. गॅरेजवाला म्हणालाही होता, "ड्रम खोलून बघू." मीच म्हणालो, "हंगाम संपू दे." एक दिवस गाडी उभी राहिली की एका फेरीचे भाडे बुडते ना!

त्या दिवशी घाट उतरून साखरप्याजवळ आलो. एक बाई लहान मुलीचा हात धरून रस्ता ओलांडत होत्या. ब्रेक दाबला, तर पेडल खोल गेले, गाडी उजवीकडे ओढली आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. बाई काही बोलल्या नाहीत. मुलीला कडेवर घेतले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि निघून गेल्या. माझ्या तोंडून अल्हम्दुलिल्लाह निघाले. पण त्यांची माफी मागायला मी गाडीतून खालीही उतरलो नाही. ती लाज घरी येईपर्यंत सोबत होती.

दुसऱ्या दिवशी भाडे घेतले नाही. मोहल्ल्यातल्या जुन्या मिस्त्री चाचांना बोलावले. हाताखाली मी आणि माझा मुलगा.

चाचांनी आधी पुढच्या चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडायला सांगितला; तो ओढलेला असेल तर ड्रम निघत नाही. गाडी उचलल्यावर खाली स्टँड लावले. "नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालायचा नाही," ते म्हणाले. एका वेळी एकच बाजू खोलायची, म्हणजे स्प्रिंग कुठे कशी बसते ते दुसऱ्या बाजूला पाहता येते.

डावा ड्रम निघाला. आत काळी धूळ साचलेली. मुलगा फुंकर मारायला वाकला, तोच चाचांनी त्याचा खांदा धरला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुप्फुसात गेली की कायमची बाधते. म्हणून फुंकर नाही, हवेचा पाइपही नाही. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायचे, नाहीतर ब्रेक क्लीनर मारून धूळ खाली भांड्यात उतरवायची. पेट्रोल किंवा रॉकेल वापरायचे नाही, त्याने सिलिंडरचे रबर खराब होते.

दोष तिथेच सापडला. व्हील सिलिंडरचे रबर गळत होते आणि लायनर ब्रेक ऑइलने भिजला होता. त्यामुळे डावे चाक धरत नव्हते, उजवे धरत होते. गाडी ओढत होती ती यामुळे. ऑइल प्यायलेला लायनर धुऊन वापरता येत नाही. चाचांनी सिलिंडर बदलला आणि शू दोन्ही बाजूंचे नवे घातले. एकाच बाजूचे बदलले तर दोन्ही चाके सारखी धरत नाहीत. ड्रमवर त्याचे कमाल माप कोरलेले असते. झिजून तो आतून त्याहून मोठा झाला असेल, तर बदलावाच लागतो. आमचा मापात होता. आतली चकाकी पॉलिश पेपरने काढून तो पुसून घेतला. मागच्या प्लेटवर शू जिथे घासतात, तिथे उष्णता सोसणारे ग्रीस अगदी बोटभर लावले. लायनरला त्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. ड्रम उघडा असताना पेडलला पाय लावायचा नाही, नाहीतर सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात.

ड्रम बसवून, पाइपातली हवा काढून, चाक हाताने फिरवत ॲडजस्टर आवळला. लायनर हलकेच घासल्याचा आवाज येईपर्यंत. मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून पाहिली. गाडी सरळ थांबली.

हात धुताना चाचा म्हणाले, "ब्रेक आपल्यासाठी नसतो रे. समोरून चालणाऱ्याचा तो हक आहे."

हुकूकुल इबादवरची बयाने मी कितीदा ऐकली असतील. उसने पैसे परत करावेत, वजनात मारू नये, कुणाची निंदा करू नये, हे सगळे त्यात आले होते. ज्यांचे नावही मला ठाऊक नाही, त्या रस्त्यावरच्या माणसांचे देणे माझ्या मागच्या चाकांत असेल, हे कधी मनात आले नव्हते. दुआ पढून मी स्वतःला अल्लाहच्या हवाली करत होतो. त्या मायलेकींना मात्र माझ्या आळसाच्या हवाली केले होते.

आता दर चार महिन्यांनी ड्रम उघडतो, आणि पावसाळ्यानंतर नक्कीच, कारण पाण्याबरोबर चिखल आत जातो. घाट उतरताना गिअर खालचा ठेवतो; सतत ब्रेक दाबून ड्रम तापला की लायनरची पकड सुटते. गुळाच्या वखारीचे, पेट्रोल पंपाचे, हमालांचे देणे ज्या वहीत लिहितो, त्याच वहीत ड्रम उघडल्याची तारीख लिहितो.

साखरप्याला त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. तिथे आल्यावर पाय मात्र आपोआप ब्रेकवर जातो.