आधी विचारणारी जागा

अम्मीच्या ऑपरेशनला या रमजानमध्ये तीन वर्षं झाली. डावं स्तन आणि काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या होत्या. तेव्हापासून ती कुणासमोरच ओढणी सरकू देत नाही. ना माझ्यासमोर, ना खालांसमोर. पाठ मात्र रोज दुखते. ईदला मी म्हटलं, "यंदा ईदी मी देणार. तुला स्पामध्ये नेते."

"हमना नक्को बड़े लोगां के चोचले," अम्मी म्हणाली.

चोचले कसले? आम्हा भावंडांच्या जन्मानंतर चाळीस दिवस मालीश करणाऱ्या मावशी तिच्याकडे यायच्याच. आणि हमाम हा शब्द तर आपल्याच घरातला. बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात शाहजहानच्या काळातला हमाम आजही पाहायला मिळतो. अडचण चोचल्यांची नव्हती. अनोळखी हातांसमोर ते शरीर उघडं करण्याची होती.

म्हणून आधी मी एकटीच पुण्यातल्या तीन जागा पाहून आले.

पहिल्या ठिकाणी थंडगार एसी, बासरीचे सूर आणि हातात लगेच दरपत्रक. विचारलं, "बायकांना बाईच मसाज करेल ना?" उत्तर आलं, "हो मॅडम, शक्यतो." त्या 'शक्यतो'वर मी चपला घातल्या.

दुसऱ्या ठिकाणी सगळ्या बायकाच होत्या. पण मसाजच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. ऑपरेशनचं सांगितलं तर म्हणाल्या, "काही होत नाही, स्टीम घेतली की सगळं मोकळं होतं." हे ऐकून मी घाबरलेच. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो. तिथे जोराचा दाब आणि फार उष्णता टाळायची असते.

तिसरी जागा मेडिकल दुकानाच्या वर, दोनच खोल्यांची. तिथल्या बाईंनी दर सांगण्याआधी एक फॉर्म पुढे केला. बीपी, शुगर, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, कसली अ‍ॅलर्जी, कुठलं ऑपरेशन. मी लिहिलेलं वाचून त्या म्हणाल्या, "आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून या. ते हो म्हणाले तरच करू." हातात आलेलं गिऱ्हाईक त्यांनी परत पाठवलं आणि माझी जागा ठरली.

डॉक्टरांनी परवानगी दिली: हलका हात, डावा हात आणि ऑपरेशनची बाजू वगळून, स्टीम नाही.

अम्मी आत गेली तेव्हा मी बाहेर तसबीह घेऊन बसले होते. तासाभराने ती आली. चेहऱ्यावर तेल, डोळे ओले. माझ्या पोटात गोळा आला.

"क्या हुआ?"

"कुछ नै. हर बखत पूछ के हात लगाई वो बच्ची."

चादर सरकवू का, इथे दाबू का, पुरे का. ऑपरेशनच्या दिवसांत किती हात तिच्या अंगाला लागले असतील! ते बरं करणारेच हात होते, पण विचारायला कुणाला वेळ नव्हता. मलाही नव्हता. ड्रेसिंग बदलताना मीसुद्धा घाईघाईत कुर्ता वर केला होता, हे मला तिथे बाकावर बसून आठवलं.

तुम्ही आईला, बहिणीला नेणार असाल तर खोलीचं दार पाहा. चादर-टॉवेल प्रत्येकीसाठी धुतलेले आहेत का, ते पाहा. मसाज कोण करणार, तिने तो कुठे शिकला, हे स्पष्ट विचारा. संकोच करू नका. 'शक्यतो' हे उत्तर घेऊ नका. पण सगळ्यांत आधी हे पाहा, की तेही तुम्हाला काही विचारतात का. जिथे फक्त दर सांगतात, तिथून उठा.

त्या रात्री अम्मी तेलाची बाटली घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली. "तू लगा," म्हणाली.

मी आधी विचारलं, "ओढणी सरकवू?"

"हौ," ती म्हणाली.