कंटाळा कोणाला परवडतो?

२५ नोव्हेंबर २०२२ ची रात्र. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या समाजभवनात दुसऱ्या दिवशीच्या संविधान दिनाची तयारी संपली होती. बाबासाहेबांच्या फोटोसाठी हार आणून ठेवला होता, उद्देशिकेच्या दोनशे झेरॉक्स मोजून झाल्या होत्या आणि भाड्याने आणलेला प्रोजेक्टर रिकामा पडला होता. पोरं म्हणाली, "दादा, भाडं तर उद्यापर्यंतचं दिलं आहे. मॅच लावू काय?"

कतारमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू होता. आपल्याकडच्या रात्री साडेबाराला इंग्लंड विरुद्ध अमेरिका. म्हणजे मॅच सुरू झाली तेव्हा आपल्याकडे २६ नोव्हेंबर लागला होता.

चार दिवसांपूर्वी इंग्लंडने इराणला ६-२ ने धुतलं होतं. त्यामुळे पोरं गोलांचा पाऊस बघायला बसली होती. पाऊस कसला, शिंतोडाही पडला नाही. अमेरिकेच्या पुलिसिकचा एक फटका गोलपोस्टच्या आडव्या दांड्याला लागला, तेवढीच काय ती खळबळ. बाकी याने त्याला पास, त्याने मागे पास. तासाभरात दोन पोरं सतरंजीवर घोरायला लागली. मॅच ०-० संपली. स्टेडियममध्ये इंग्लंडच्याच प्रेक्षकांनी आपल्या संघाची हुर्यो उडवली आणि इकडे आमच्या समाजभवनानेही त्यांना साथ दिली.

माझ्या पिशवीत मतदार नोंदणीचे फॉर्म होते. सकाळी कार्यक्रमात टेबल लावायचं होतं. म्हटलं, पोरं जागी आहेत तर आत्ताच भरून घेऊ. पहिला फॉर्म आमच्या वस्तीच्या टीमच्या गोलकीपरपुढे धरला. वय १९, बीकॉम दुसऱ्या वर्षाला. त्याने फॉर्म घेतला, पाहिला आणि परत दिला.

"काऊन भरू दादा? ते पण असंच आहे ना. हा त्याले पास देते, तो याले पास देते. आपल्यासाठी गोल कोण करून राहिला?"

मित्रांनो, त्या वर्षीचं राजकारण आठवा. जूनमध्ये शिवसेना फुटली. आमदार सुरत, गुवाहाटी, गोवा फिरून आले आणि मुंबईत सरकार बदललं. आमच्या नागपूर महापालिकेत तर मार्चपासून नगरसेवकच नव्हते. मुदत संपलेली, निवडणूक नाही, कारभार प्रशासकाकडे. नाली तुंबली तर कोणाच्या दारात जायचं, हा आमच्या वस्तीतला रोजचा प्रश्न होता. अशा वेळी एखादं पोरगं म्हणालं की सगळे सारखेच, तर त्याला राजकारण कळत नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही.

पण त्याच्या वाक्याने झोपलेली पोरंही उठली. रात्री अडीचला वाद पेटला. एक म्हणाला, आपला हत्तीच बरा. दुसरा म्हणाला, वंचितशिवाय आपलं कोण बोलते? तिसरा म्हणाला, तुम्ही दोघं मत खाता आणि निवडून भलताच येतो. चौथा म्हणाला, नोटा दाबा. ज्या पोरांना नव्वद मिनिटांची मॅच कंटाळवाणी वाटली ती पोरं राजकारणावर तासभर भांडली. म्हणजे कंटाळा राजकारणाचा नव्हता. कंटाळा होता तो आपला चेंडूला पायच लागत नाही याचा.

मग मी त्यांना एक जुनी मॅच सांगितली.

१९८२ चा वर्ल्ड कप, स्पेनमध्ये. १६ जूनला अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवलं. वर्ल्ड कपमध्ये युरोपच्या संघाला हरवणारा आफ्रिकेतला हा पहिला संघ. फ्रान्सच्या गुलामीतून १९६२ ला सुटलेला देश, अवघ्या वीस वर्षांचं स्वातंत्र्य. २४ जूनला त्यांनी चिलीलाही हरवलं आणि आपले तिन्ही सामने संपवले. पुढच्या फेरीत जाणार की नाही, हे आता त्यांच्या हातात नव्हतं. दुसऱ्या दिवशी हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळणार होते. दोन्ही संघांना गणित आधीच माहीत होतं: जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली की दोघंही पुढे, अल्जेरिया घरी.

पहिल्या अकरा मिनिटांतच जर्मनीच्या ह्रुबेशने गोल केला. त्यानंतर सुमारे ऐंशी मिनिटं काहीच झालं नाही. आपसात पास, गोलकीपरकडे मागे पास. कोणी अंगावर जात नाही, कोणी धावत नाही. अल्जेरियाचे समर्थक स्टँडमधून नोटा हलवून दाखवत होते. स्पॅनिश प्रेक्षक 'चालते व्हा' म्हणून ओरडत होते. जर्मनीच्या समालोचकाने बोलणंच थांबवलं. ऑस्ट्रियाच्या समालोचकाने प्रेक्षकांना टीव्ही बंद करायला सांगितलं.

अल्जेरियाने तक्रार केली. फिफाने फेटाळली. का? तर कोणताही नियम मोडलेला नव्हता. जर्मनी पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही 'संरचना' हा शब्द शिकलो. परीक्षेत व्याख्या लिहिली, मार्क मिळाले. पण तो शब्द मला खरा समजला तो या मॅचमुळे. कोणी शिवी दिली नाही, कोणी लाथ मारली नाही, कोणाला मैदानाबाहेर हाकललं नाही. सगळं नियमात झालं. तरी एकाचा हक्क गेला. आपल्या बापजाद्यांशी उघड दांडगाई झाली, गावकुसाबाहेर ठेवलं गेलं. आपल्या पिढीच्या वाट्याला येते ती बऱ्याचदा अशी नियमातली, कंटाळवाणी ऐंशी मिनिटं. 'फाईल प्रक्रियेत आहे.' 'निधी आला नाही.' 'पुढच्या आठवड्यात या.'

आणि टीव्ही बंद करा हा सल्ला कोणाच्या फायद्याचा? त्या समालोचकाला चीड आली होती, ती प्रामाणिक होती. पण मैदानावरच्या बावीस जणांना टीव्ही बंद झाल्याने काय फरक पडणार होता? उलट बघणारा कोणी नसेल तर त्यांना बरंच. नोटाचंही तसंच. लोकसभा-विधानसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. ती हुर्यो मोजली जाते, पण तिने निकाल बदलत नाही. कंटाळा दोन्ही बाजूंना सारखा नसतो. जर्मनी आणि ऑस्ट्रियाला तो परवडत होता. त्याचं बिल अल्जेरियाने भरलं.

इथपर्यंत सांगून मला वाटलं, पोरं आता फॉर्म मागतील. पण गोलकीपरने विचारलं, "मग अल्जेरियाले काय भेटलं?"

खरं सांगायचं तर त्यांना काही मिळालं नाही, आणि मी तसंच सांगितलं. पण १९८६ च्या वर्ल्ड कपपासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवायला सुरुवात झाली. आधीचा निकाल पाहून हिशेबाने खेळायची सोय बंद झाली.

तो म्हणाला, "म्हणजे पुढच्याले भेटलं. दादा, पुढच्याले भेटन म्हणून मी कॉलेज सोडू काय?"

तेव्हा कळलं. त्याची शिष्यवृत्ती दोन वर्षं अडकली होती. पोर्टलवर अर्ज 'प्रलंबित' आणि कॉलेजात 'फी भर, मग मार्कशीट ने' एवढंच उत्तर. आई चार घरची धुणीभांडी करते. हे तो सहा महिने कोणाला बोलला नव्हता. मी त्याच्या वस्तीत काम करतो, आठवड्याला चारदा भेटतो, आणि मला हे रात्री तीन वाजता कळत होतं, तेही मी त्याला अल्जेरिया शिकवल्यानंतर.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिशवीत फॉर्म ठेवले आणि घरी आलो.

या गोष्टीवर मी बराच विचार केला. मला वाटतं, आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. मॅच कंटाळवाणी आहे म्हणून आपण प्रेक्षकांना बोल लावतो. आपला खेळ तरी कसा आहे? १९९८ साली मी दहा वर्षांचा होतो. रिपब्लिकन चळवळीचे चार नेते एकाच वेळी महाराष्ट्रातून लोकसभेत गेले, खुल्या मतदारसंघांतून. त्या दिवशी आमच्या गल्लीत निळा गुलाल उडाला होता, माझे बाबा नाचले होते. त्यांना मी नाचताना तेव्हाच पाहिलं. ही गोलकीपरच्या जन्माआधीची मॅच. त्याच्या जन्मापासून त्याने काय पाहिलं? गट, उपगट, एकाच चौकात जयंतीचे तीन मंच, तीच भाषणं, रात्रभर डीजे. आपणही आपसात पास देत बसलो आणि वरून म्हणतो, पोरं टाळ्या का वाजवत नाहीत?

फुटबॉलवाल्यांनी एक गोष्ट बरी केली. कंटाळ्याला त्यांनी प्रेक्षकांचा दोष मानलं नाही, नियमांचा दोष मानलं. १९९० च्या इटलीतल्या वर्ल्ड कपमध्ये ५२ सामन्यांत फक्त ११५ गोल झाले, सामन्यामागे सरासरी २.२१. त्याआधीच्या कोणत्याही वर्ल्ड कपपेक्षा कमी. सगळे बचाव करत होते, कारण बचाव फायद्याचा होता. मग १९९२ ला नियम आला की सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हाताने धरायचा नाही. १९९४ च्या वर्ल्ड कपपासून जिंकण्याला दोनऐवजी तीन गुण दिले. बरोबरी पदरात पाडून बसणं महाग केलं. खेळाडूंना नीतीचे धडे देऊन हे झालं नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात दोन्ही बाजू सांगितल्या होत्या. संविधान कितीही चांगलं असलं तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईट ठरेल, ही एक. म्हणजे हिहोन. आणि राजकारणात समता पण सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने भरडलेले लोक लोकशाहीचा हा डोलाराच उधळून लावतील, हा इशारा दुसरा. आपण पहिली बाजू भाषणात वापरतो. दुसरी बाजू आमच्या गोलकीपरच्या तोंडून आली तेव्हा मला ती ओळखूच आली नाही. मला वाटलं, पोरगं उदासीन आहे.

२६ तारखेचा कार्यक्रम झाला, उद्देशिका वाचली, टेबलावर अकरा फॉर्म भरले गेले. त्यात त्याचा नव्हता. २८ ला सोमवारी मी आणि तो कॉलेजात गेलो. त्या दिवशी मी काही समजावलं नाही, फक्त सोबत बसलो. अर्ज त्यानेच लिहिला. आवक शिक्का मागितला तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, शिक्का कशाला, आम्ही बघतो. गोलकीपर म्हणाला, "नाही सर, शिक्का लागतेच." उत्तर आलं नाही म्हणून जानेवारीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. मार्चमध्ये मार्कशीट हातात आली. शिष्यवृत्तीचा एक हप्ता आला, दुसरा आजही आलेला नाही. पण त्याच्या अर्जाची नक्कल घेऊन त्याच कॉलेजातली आणखी सात पोरं त्या खिडकीवर गेली. आता तिथे न मागता शिक्का मारतात. छोटा का होईना, नियम बदलला.

१९ एप्रिल २०२४ ला नागपुरात लोकसभेचं मतदान होतं. तो रांगेत दिसला. फॉर्म त्याने कधी भरला, मला सांगितलंही नव्हतं. मत कोणाला दिलं हे मी विचारलं नाही. बोटाची शाई दाखवत तोच म्हणाला, "दादा, मॅच बोअरच आहे. पण टीव्ही काऊन बंद करू?"

एक शेवटची गोष्ट. २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी तीन-तीन संघांचे गट करायचे, असं फिफाने आधी ठरवलं होतं. तसं झालं असतं तर प्रत्येक गटात शेवटच्या दिवशी दोघं खेळणार आणि तिसरा नुसता बघत बसणार, हिहोनसारखाच. मार्च २०२३ मध्ये तो बेत रद्द करून चार-चारचे गट केले. संगनमताचा धोका कमी व्हावा, हे त्यामागचं एक कारण फिफानेच दिलं. एक्केचाळीस वर्षांनीही त्या हरलेल्या तक्रारीचा धाक शिल्लक आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. एखादं पोरगं 'सगळे सारखेच' म्हणालं तर त्याला लगेच इतिहास सांगायला बसू नका. ती चूक मी केली आहे. आधी विचारा, तुझं काय अडकलं आहे? मग त्याच्यासोबत त्या खिडकीवर जा. आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.

जय भीम!